बफीला कोण अधिक साजेसा : एंजेल की स्पाइक?

सांजवात (धागाकर्ती)

आमच्या एरंडवण्यातल्या गटाने 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही मालिका पहिल्या भागापासून पुन्हा पाहायला घेतली होती. १९९७ ते २००३ या काळात सात पर्वे आणि १४४ भाग झालेली ही मालिका आमच्यापैकी काहींनी कॉलेजात असताना तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती, तर काहींची ही पहिलीच खेप होती. बफी ही व्हॅम्पायरांना मारण्यासाठी निवडली गेलेली 'स्लेयर', आणि एंजेल व स्पाइक हे तिच्यावर प्रेम करणारे दोन व्हॅम्पायर. व्हॅम्पायराला आत्मा नसतो; एंजेलला एका शापामुळे तो मिळालेला आहे, पण पूर्ण सुखाच्या क्षणी तो पुन्हा जातो. गेल्या रविवारी सातवे पर्व संपले आणि गटात सरळ दोन तट पडले. बोलणे अर्ध्यावर राहिले, म्हणून माझे म्हणणे इथे सविस्तर मांडते आहे. शेवटापर्यंतचे तपशील ओघात येणार आहेत, तेव्हा ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावे.

माझे मत स्पाइकच्या बाजूने आहे.

'कोण जास्त प्रेम करतो' असा प्रश्न घेतला तर वाद कधीच मिटणार नाही, कारण दोघांनीही तिच्यासाठी जीव पणाला लावलेला आहे. 'कोण जास्त चांगला' असे विचारावे, तर दोघांच्याही हातांवर शेकडो माणसांचे रक्त आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. बफीच्या आयुष्याविषयी काही ठरवायची वेळ आली, की हा पुरुष ते तिच्यावर सोडतो, की तिच्या भल्याचे नाव घेऊन स्वतःच ठरवून मोकळा होतो?

एंजेलचे वागणे या कसोटीवर पाहा. तिसऱ्या पर्वातल्या 'द प्रॉम' या भागात बफीची आई जॉइस एकटी एंजेलला भेटायला जाते आणि मुलीच्या भविष्याचा विचार कर, असे त्याला सुचवते. त्यानंतर थोड्याच वेळात एंजेल बफीला सांगतो की ग्रॅज्युएशननंतर तो गाव सोडून जाणार आहे. म्हणजे आई आणि प्रियकर यांनी मिळून तिच्या संसाराचा निकाल लावला आणि तो तिला मागाहून कळवला. ही मुलगी त्या वेळी अठरा वर्षांची आहे. ती एकदा मरून परत आलेली आहे, आणि जग वाचवण्यासाठी याच माणसाच्या देहात तिने स्वतःच्या हाताने तलवार खुपसलेली आहे, तीही त्याचा आत्मा त्याला परत मिळाल्यानंतर. असा निर्णय जिने घेतला, तिला स्वतःचे बरेवाईट कळत नाही असे मानायला आधार काय?

चौथ्या पर्वात तो तिच्या रक्षणासाठी तिच्या गावी, सनीडेलला येतो. तिचा मार्गदर्शक जाइल्स याला ते ठाऊक असते, जिवलग मैत्रीण विलोला ठाऊक असते, मित्र झँडरलाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त बफीला. पुढे १९९९ सालच्याच 'आय विल रिमेंबर यू' या भागात तर यावर कळस चढतो. हा भाग एंजेलच्या स्वतंत्र मालिकेतला असल्यामुळे अनेकांच्या नजरेतून निसटतो, पण या वादात तो पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. एका राक्षसाच्या रक्तामुळे एंजेल पुन्हा माणूस होतो, दोघांना एक संपूर्ण दिवस मिळतो, आणि मग दुबळ्या माणसाच्या देहात राहून आपण तिच्या मृत्यूला कारण होऊ या भीतीने तो दैवी शक्तींकडे जाऊन तो दिवसच परत घ्यायला लावतो. बफीला हे कळते तेव्हा सगळे ठरून गेलेले असते आणि हातात जेमतेम मिनिटभर उरलेले असते. ती रडून सांगते की मी हे विसरणार नाही, घड्याळाचा काटा पुढे सरकतो, आणि ती विसरते. तो दिवस तिच्या आयुष्यातून काढून घेतला गेला आहे, हे तिला मालिकेच्या अखेरपर्यंत कळत नाही. यामागचा त्याग मी नाकारत नाही. पण तिच्या स्मृतीतला तिच्या सुखाचा दिवस पुसण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आता स्पाइक. सहाव्या पर्वाच्या आरंभी मित्रमंडळी बफीला मृत्यूतून परत आणतात. ती घरी येते तेव्हा तिला काय वाटत असेल याविषयी प्रत्येकाने आपापला समज करून घेतलेला असतो. विलोला खात्री असते की ती नरकातून सुटली, आणि सगळे तिच्याकडून आनंदाची अपेक्षा धरून बसलेले असतात. स्पाइक आत येतो, जिन्यावरून उतरणाऱ्या बफीकडे पाहतो, आणि त्याचे लक्ष जाते ते तिच्या हातांकडे. बोटांची पेरे सोललेली असतात. त्या जखमा कशाच्या आहेत हे घरात त्याच्याशिवाय कोणाला उमगत नाही, कारण शवपेटी आतून फोडून बाहेर येणे काय असते हे त्याने स्वतः भोगलेले आहे. ती जाऊन किती दिवस झाले, असे ती विचारते, तेव्हा त्याला आकडा आठवावा लागत नाही, कालपर्यंत १४७ झाले होते असे तो लगेच सांगतो. त्याच भागाच्या अखेरीस, आपण बहुधा स्वर्गात होतो आणि तिथून ओढून आणले गेलो, हे बफी फक्त त्यालाच सांगते. जिवलग मैत्रिणीपासून लपवलेली गोष्ट तिने याला सांगितली, ती काय म्हणून? तो तिला बरे करायला बसलेला नव्हता, म्हणून.

सातव्या पर्वात तिचीच माणसे तिला तिच्याच घरातून बाहेर काढतात. स्पाइक तिला शोधून काढतो आणि सांगतो की मी तुझ्यातले उत्तम पाहिले आहे आणि अधमही पाहिले आहे, आणि तू कोण आहेस हे मला नीट ठाऊक आहे. तो तिच्याकडे काहीही मागत नाही. ती थांब म्हणते, म्हणून तो रात्रभर थांबतो. दुसऱ्या दिवशी ती एकटी शत्रूचा तळ असलेल्या द्राक्षमळ्यात जाते, आणि तिथे त्याने काहीतरी दडवले आहे हा तिचा होरा खरा ठरतो. सगळ्यांनी वेड्यात काढलेल्या तिच्या निर्णयावर त्या रात्री विश्वास ठेवणारा एकच होता.

आपापली मते सकारण मांडावीत, ही विनंती.

टेकडीवरून

सांजवात, लेख मनापासून लिहिलेला आहे, परंतु निष्कर्षाशी मी मुळीच सहमत नाही. मी पहिल्यापासून एंजेलच्या बाजूचा आहे.

तुम्ही एंजेलच्या आयुष्यातले तीन प्रसंग निवडले आणि स्पाइकच्या आयुष्यातले फक्त दोन, तेही त्याच्या चांगल्या काळातले. पाचव्या पर्वातला 'क्रश' हा भाग तुम्ही पूर्णपणे वगळलात. तिथे स्पाइक बफीला बेशुद्धावस्थेत साखळदंडाने बांधून ठेवतो, आपली जुनी प्रेयसी ड्रुसिला हिलाही बांधतो, आणि आपले प्रेम सिद्ध करण्यासाठी ड्रुसिलाला ठार मारायची तयारी दाखवतो. माझ्यावर तुझे कणभर तरी प्रेम आहे असे म्हण, यासाठी तो अडून बसतो. पुढे नकार पचत नाही म्हणून हुबेहूब बफीसारखा यंत्रमानव बनवून घेतो, म्हणजे नकार देऊच न शकणारी बफी. 'निर्णय तिच्यावर सोडणे' ही कसोटी लावायची असेल, तर ती या माणसालाही आरंभापासून लावली पाहिजे.

दुसरे असे की एंजेलने तिला सोडण्यामागे जी अडचण होती, ती त्याच्या अहंकारातून आलेली नव्हती. शापाची अट ठाऊक असताना, आपल्या पूर्ण सुखाच्या एका क्षणात आत्मा जाणार आणि मग आपण काय करणार हे अनुभवाने कळलेले असताना, तिच्याजवळ राहणे हाच बेजबाबदारपणा ठरला असता. दुसऱ्या पर्वात जाइल्सची प्रेयसी जेनी कॅलेंडर हिचा जीव गेला तो याच कारणाने. जाइल्स घरी येतो, संगीत चालू असते, जिन्यावर गुलाब पसरलेले असतात, आणि वर ती मृतावस्थेत असते. तो प्रसंग ज्याच्या हातून घडला, तो माणूस 'आपण ठरवू दोघे मिळून' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? धोका फक्त बफीला असता तर गोष्ट निराळी होती. तो साऱ्या गावाला होता.

आणि 'फॉरेव्हर' हा भाग विसरू नका. जॉइसच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी सगळे निघून जातात आणि बफी थडग्यापाशी एकटी उभी राहते. अंधार पडल्यावर एंजेल तिच्या शेजारी येऊन उभा राहतो. रात्रभर तिच्याजवळ बसतो, उपदेश करत नाही, तिला काय करायला हवे हे सांगत नाही, आणि उजाडण्याआधी निघून जातो. तिथे निर्णय तिचाच होता.

शनिवारपेठकर

'टेकडीवरून' यांनी जे सौजन्याने टाळले ते मला स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. सहाव्या पर्वातल्या 'सीइंग रेड' या भागात स्पाइक बफीच्या न्हाणीघरात शिरून तिच्यावर बळजबरी करण्याचा प्रयत्न करतो. ती आधीच जखमी असते, ती नको म्हणत राहते, आणि अखेर लाथेने त्याला दूर लोटते तेव्हाच तो भानावर येतो. धागाकर्तीच्या लेखात तिची संमती हाच केंद्रबिंदू आहे, तरीही हा प्रसंग त्यात नसावा, हे मला समजू शकलेले नाही.

मी मालिका पाहताना तिथे थांबलो होतो आणि पुढचे पर्व पाहावे की नाही याचा बराच विचार केला. पुढे पाहिले, स्पाइकचे काम करणाऱ्या जेम्स मार्स्टर्सचा अभिनय आवडलाही, पण 'साजेसा' हा शब्द त्याच्यासाठी वापरायला माझी लेखणी धजत नाही. शिवाय त्याच्या अंगावरचा तो लांब चामडी कोट आठवावा. १९७७ साली न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याने निकी वुड या स्लेयरला ठार मारले आणि तिच्या अंगावरून तो कोट काढून घेतला. बफीच्याच मार्गावरून चाललेल्या एका बाईच्या प्रेतावरचे वस्त्र घालून हा बफीसमोर वर्षानुवर्षे वावरतो. निकीचा मुलगा समोर उभा ठाकल्यावरही तो कोट उतरवत नाही.

सांजवात

शनिवारपेठकर, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला पळवाट काढून उत्तर देणे मला पटणार नाही. 'सीइंग रेड'मधला प्रसंग हा गुन्हा आहे. त्याला दुःखाचे, वेडाचे किंवा आत्मा नसण्याचे कारण देऊन सौम्य करता येत नाही, आणि मालिकाही तसे करत नाही. मूळ लेखात सहाव्या पर्वाच्या आरंभाचाही उल्लेख आला, पण माझ्या मनात होता तो सातव्या पर्वातला स्पाइक, कारण बफीला साजेसा कोण हा प्रश्न मला त्या वेळच्या स्पाइकबाबतच विचारता येतो. आधीच्या स्पाइकबाबत तो प्रश्न उद्भवतच नाही. सहाव्या पर्वातले त्यांचे नाते दोघांनाही पोखरणारे होते, आणि मी तुझा वापर करते आहे असे सांगून बफीने ते स्वतः संपवले होते. तो शेवट योग्यच होता.

त्यानंतर काय घडते ते मात्र पाहायला हवे. तो बफीकडे क्षमा मागायला परत येत नाही. आफ्रिकेत जातो, जिवावर बेतणाऱ्या परीक्षा देतो आणि आत्मा मागून घेतो. एंजेलला आत्मा मिळाला तो शिक्षा म्हणून. १८९८ साली रोमानियात एका रोमा मुलीचा त्याने जीव घेतला, तेव्हा तिच्या जमातीने त्याला पश्चात्तापाने जळत ठेवण्यासाठी तो दिला. स्पाइकने ते जळणे स्वतः ओढवून घेतले. सातव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात चर्चमधल्या प्रसंगात तो क्रुसाला मिठी मारून उभा राहतो आणि अंगातून धूर निघू लागतो, तेव्हा बफी त्याला क्षमा केल्याचे एक अक्षरही बोलत नाही. पुढेही विश्वास हळूहळू येतो, तिच्या गतीने. यात त्याचा हक्क कुठेही नाही, आणि आपला हक्क नाही हे त्याला ठाऊक आहे.

कोटाविषयीचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे मालिकाकारांनी त्याला फार सहज सोडले.

टेकडीवरून, 'फॉरेव्हर'चा उल्लेख केलात ते चांगले झाले. त्याच भागात स्पाइक फुले घेऊन बफीच्या दारी येतो. झँडर त्याला हाकलून लावतो, हा बफीवर छाप पाडायला आला आहे असे म्हणतो. तो चिडून फुले तिथेच टाकून जातो. मग विलो फुले उचलून पाहते, तर सोबत नाव घातलेले कार्डच नसते. जॉइसशी त्याची स्वतःची ओळख होती, तिच्याशी तो गप्पा मारत बसायचा, आणि ती फुले तिच्यासाठी होती. त्या वेळी त्याला आत्माही नव्हता.

अबोली

मी जॉइसच्या बाजूने लिहिते आहे, कारण धाग्यावर तिला कोणी वालीच उरलेला दिसत नाही. माझी मुलगी यंदा अकरावीला आहे. दोनशेहून अधिक वर्षांचा एक पुरुष, त्यातून उन्हात येऊ न शकणारा, मूल होण्याची शक्यता नसलेला, आणि एकदा माणसांचे मुडदे पाडून बसलेला, असा कोणी तिच्या आयुष्यात आला, तर मीही जाऊन त्याच्याशी बोलले असते. जॉइस त्याला धमकावत नाही. तू तिच्यापेक्षा फार मोठा आहेस, अवघड निर्णय घ्यायची वेळ येईल तेव्हा तो तुला घ्यावा लागेल, असे ती शांतपणे सांगते. आपल्याकडे स्थळ नाकारताना घरातली मोठी माणसे जे करतात त्याहून हे पुष्कळ सभ्य आहे.

तरीही सांजवात यांच्या एका म्हणण्याशी मी सहमत आहे. जॉइसने एंजेलशी बोलणे हे आईचे काम होते. एंजेलने मात्र बफीला तसे सांगायला हवे होते: तुझी आई येऊन गेली, ती असे म्हणाली, मलाही तसेच वाटते, तुला काय वाटते? ते तो करत नाही. सांडपाण्याच्या भुयारात शिकार चालू असताना तो मध्येच विषय काढतो, आणि ती विचारत राहते की हे इथे, आत्ताच का.

शापाविषयी थोडे लिहिते. आपल्या पुराणकथांत शापाला बहुधा उःशाप असतो, तो भोगून माणूस सुटतो. एंजेलच्या शापाची रचना उलटी आहे. तो सुखी झाला की आत्मा जातो, म्हणजे त्याने कायम दुःखी राहणे हीच जगाच्या सुरक्षिततेची अट आहे. असा माणूस कितीही थोर असला तरी त्याच्याबरोबर संसार करणारीला रोज त्याच्या सुखाची भीती बाळगावी लागणार. आई म्हणून विचाराल तर मला दोघेही नकोत, पण या एका कारणासाठी एंजेल अधिक नको.

पहाटवारा

बफीचा मधल्या काळातला प्रियकर रायली, त्याचा विचार कोणीच का करत नाही? तो माणूस आहे, सरळ आहे, आणि उन्हात चालू शकतो.

सांजवात

पहाटवारा, पाचव्या पर्वात रायली तिला मुदत घालून देतो, की मध्यरात्रीपर्यंत मला थांबवले नाहीस तर मी हेलिकॉप्टरने निघून जाईन. ती धावत पोहोचते तोवर तो गेलेला असतो. त्याच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही.

अक्षरधूळ

वेताळ टेकडीच्या गावात हा वाद चालू आहे आणि अजून कोणाला वेताळ पंचविशी आठवली नाही, म्हणून लिहितो. त्या कथांमध्ये नेमका हाच प्रश्न एका वेताळाने राजाला विचारलेला आहे.

सोमदेवाच्या कथासरित्सागरात येणाऱ्या त्या कथेत मंदारवती नावाची मुलगी आहे आणि तिच्यासाठी आलेले तीन तरुण आहेत. मुलगी तापाने मरते. एक तरुण तिच्या चितेच्या राखेवर झोपडी बांधून तिथेच झोपू लागतो. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा बैरागी होऊन भटकतो, त्याला मृताला जिवंत करण्याचा मंत्र मिळतो, आणि तो परत येऊन तिला उठवतो. वेताळ विचारतो की ती कोणाची पत्नी व्हावी. राजाचे उत्तर असे, की ज्याने जीव दिला तो पित्यासारखा, ज्याने अस्थी नेल्या तो पुत्रासारखा, आणि जो तिच्या राखेवर झोपला तो पती.

आता बफीच्या मृत्यूनंतरचे १४७ दिवस त्या शेजारी ठेवून पाहा. जीव परत देणारी विलो आणि तिच्याबरोबरची मित्रमंडळी. दूरच्या मठात जाऊन काही महिने राहून आलेला एंजेल. आणि सनीडेल न सोडता, बफीच्या धाकट्या बहिणीला म्हणजे डॉनला सांभाळत, रात्रीची गस्त घालत तिथेच राहिलेला स्पाइक. बफीला परत आणण्याचा बेत त्याला कोणी सांगितलाही नव्हता, आणि कळल्यावर तो संतापला होता. राजाच्या न्यायाने पाहिले तर निकाल उघड आहे.

परंतु मला त्या कथेत एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. मंदारवती पुन्हा जिवंत झालेली आहे, बोलू शकते, आणि तरीही तिला कोणी विचारत नाही. वेताळ राजाला विचारतो आणि राजा उत्तर देतो. आपणही इथे तेच करत आहोत का, याचा विचार व्हावा. बफीला मालिकेत प्रत्यक्ष विचारले गेलेले आहे आणि तिने उत्तर दिलेले आहे. शेवटच्या भागात ती एंजेलला सांगते, की मी अजून पुरती घडलेली नाही, भट्टीत भाजायला ठेवलेल्या कुकीसारखी अर्धी कच्ची आहे, आणि पुरती तयार झाले की मग बघू. हे उत्तर पुरेसे मानून दोघांनाही बाजूला ठेवावे, असे माझे मत आहे.

सांजवात

अक्षरधूळ, ही कथा इतकी चपखल बसेल असे वाटले नव्हते. मंदारवतीला कोणी विचारले नाही, हा तुमचा आक्षेप तर माझ्या मूळ मुद्द्याचाच भाग आहे. पण बफीचे ते उत्तर आपण 'दोघेही नकोत' असे वाचावे, हे मला पटत नाही. ती म्हणते की आत्ता नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, दुसऱ्या दिवशी जग बुडण्याची शक्यता असताना, हे उत्तर अगदी योग्य आहे. आणि ते दिल्यानंतर ती एंजेलला लॉस एंजेलिसला परत पाठवते आणि ती रात्र स्पाइकजवळ घालवते.

टेकडीवरून

सांजवात, तुमचा शेवटचा परिच्छेद एंजेलच्याच बाजूने बोलतो. ती त्याला सांगते की मी इथे हरले तर बाहेर दुसरी फळी उभी असायला हवी, ती तू उभी कर, आणि तो जातो. स्पाइकला आत्मा मिळाल्याचे कळून तो दुखावलेला असतो, तिच्याजवळ राहायची त्याची स्पष्ट इच्छा असते, आणि तरीही तो तिचे ऐकतो. चार वर्षांपूर्वीचा एंजेल गुपचूप मागे राहून झाडाआडून पहारा देत बसला असता. तो बदललेला आहे. स्पाइकला बदलाचे श्रेय द्यायचे, तर ते यालाही द्यायला हवे.

आणि आता तुमच्या कसोटीवरच एक प्रश्न. शेवटच्या लढाईत सनीडेल कोसळत असताना, गळ्यातल्या जादुई ताईताच्या तेजाने स्पाइक जळू लागलेला असताना, बफी त्याच्या हातात हात गुंफून त्याला सांगते की माझे तुझ्यावर प्रेम आहे. तो काय उत्तर देतो? नाही, तुझे प्रेम नाही, पण म्हणालीस त्याबद्दल आभारी आहे. तिच्या मनात काय आहे हे तीच सांगते आहे, आणि तो ते खोडून काढतो. तिच्या वतीने ठरवणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

शनिवारपेठकर

हा प्रश्न मला फार योग्य वाटतो. धागाकर्तीचे उत्तर वाचण्याची उत्सुकता आहे.

सांजवात

एंजेलच्या बदलाचे श्रेय मी आनंदाने देते. तो भाग मलाही आवडतो. ते शिकायला त्याला चार वर्षे आणि तिचा वियोग लागला, आणि तोवर ती पुढे निघून गेली होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या शेवटच्या संवादाविषयी गटातही खूप बोलणे झाले होते. आम्ही तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. छत खाली येते आहे, बाकीचे बसमध्ये चढत आहेत, आणि बफीचा पाय निघत नाही. त्या क्षणी तिचे शब्द जर स्पाइकने जसेच्या तसे स्वीकारले असते, तर तिला तिथून हलणे अशक्य झाले असते. ज्याच्यावर प्रेम आहे असे आत्ताच म्हटले, त्याला जळता सोडून कोण पळेल? तो तिचे म्हणणे खोडतो आणि लगेच तिला जायला सांगतो, आणि ती जाते. एंजेलने तिचा दिवस पुसला त्या वेळी तिच्यापुढे काही पर्यायच उरला नव्हता. इथे तिचे शब्द तिच्यापाशी शाबूत आहेत, ती ते आयुष्यभर खरे मानू शकते किंवा न मानू शकते. त्याने फक्त त्या शब्दांची परतफेड मागितली नाही.

तुम्हीच 'क्रश'ची आठवण करून दिलीत, म्हणून ते दोन प्रसंग शेजारी ठेवते. पाचव्या पर्वात तो तिला साखळीने बांधून कणभर प्रेमाची कबुली मागत होता आणि ती देत नव्हती. शेवटच्या भागात ती पूर्ण कबुली आपणहून देते, हातात हात देऊन, आणि तो ती ठेवून घेत नाही. मधल्या दोन वर्षांत तो जे शिकला ते मला याच जागी दिसते, आणि माझे मत स्पाइकच्या बाजूने आहे ते त्यामुळे.